पंचावन्न उत्तरं

श्रावणातल्या शुक्रवारी मावशी पोथी मिटायची,
ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण,
आणि मी विचारायचे, मग उरलेली पंचावन्न?
"हात जोड," मावशी म्हणायची. "आणि फुटाणे घे."

आता मला त्याच प्रश्नाचा पगार मिळतो.
डंडीत, नदीकाठी,
जुन्या तागाच्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
खिडकीला पाठ करून
मी दिवसभर एकाच व्हिडिओ गेमचा शेवट खेळते.
दोनशे चौदा वेळा बेट वाचवलं आजवर.
दोनशे चौदा वेळा व्हायोलिनं चढली,
दीपगृहाचं दार उघडलं, वर दिवा लागला,
आणि मी लिहिलं:

किल्ली दुसऱ्या अंकात खेळणाऱ्यानंच समुद्रात फेकली आहे.
कुत्रा पैलतीरावर राहिला होता. होडी एकच.
इथे तो भिजलेलासुद्धा नाही.
म्हातारा दिवेवाला चौथ्या अंकात मेला,
आपणच पुरला, फावड्याचं बटण दाबून दाबून.
मग दिवा कोणी लावला?
तीव्रता: किरकोळ.
(गेम अडकत नाही, म्हणून किरकोळ.)

रूअरी, ज्यानं ही गोष्ट लिहिली,
भला माणूस, स्वतःची बिस्किटं वाटून खातो,
म्हणतो, "तिथवर पोचेतो लोक रडत असतात गं.
रडणारा माणूस किल्ल्या मोजत नाही."

खरं आहे.
मागच्या माघात पहाटे हेरंबचा फोन आला.
जेवली, म्हणाला. जरा पडली.
उठवायला गेलो तर गेलेली.
चेहरा शांत होता.
सगळं आटोपलं.
मोजून पाच.
आणि आदल्या रात्री तिच्या नंबरावरून आलेला,
मी न उचललेला तो कॉल?
तेव्हा तर ती झोपली होती ना?
मी, जिचं पोट विचारण्यावर चालतं,
म्हणाले, "बरं."

मंगळवारी आम्ही बाहेरची माणसं बोलावतो, खेळून बघायला.
पोरंच येतात बहुतेक, फुकटच्या पिझ्झासाठी.
एकदा गेलॅटलीबाई आल्या. वय सत्त्याहत्तर.
याच इमारतीत, याच मजल्यावर
पंधराव्या वर्षी चात्यांपुढे उभ्या राहिलेल्या.
त्या गोंगाटानं कान नेले; आता ओठ वाचतात.
"इथे माझी जागा होती," म्हणाल्या,
झेरॉक्स मशीनकडे बघत.

हेडफोन त्यांनी गळ्यात अडकवला, मफलरसारखा.
अडखळत, शिव्या घालत, तीन तासांत बेट वाचवलं.
व्हायोलिनं चढली. आमच्यासाठी.
त्यांना दिसलं ते इतकंच:
बंद दार, उघडं दार, दिवा.

"म्हाताऱ्याला तर मी पुरला," बाई म्हणाल्या.
"दिवा कोणी लावला?"

रूअरी पुढे वाकला,
ओठ नीट, सावकाश हलवत म्हणाला, "आशेनं."

बाईंनी वाचलं. मान डोलावली.
"आशा होय. कितीच्या पाळीला येते?"

कोणी हसलं नाही.
मग सगळेच हसलो, रूअरी सगळ्यात शेवटी.

पुढच्या आठवड्यात कुत्रा भिजवला.
किल्लीसाठी एक मासा आणला,
बिचारा पोटात घेऊन किनाऱ्याला लागतो.
दिव्याच्या तक्रारीवर शेरा पडला:
माहीत आहे. दुरुस्त करणार नाही.

गेम नोव्हेंबरात बाहेर पडला.
चारलाच अंधारतं इथे तेव्हा.
आज खुर्ची फिरवून बसले,
टे नदीपलीकडे न्यूपोर्टचे दिवे लागत होते,
एक, मग बराच वेळ काही नाही, मग चार एकदम.

तिकडे साडेनऊ झाले असतील.
हेरंब जागा असेल.
मिस्ड कॉलचं एकदम नको.
आधी विचारीन, त्या रात्री
काय जेवली.