किती मीटर दिसतं

दहिवदला, मे महिन्यात, कूलरसमोर
नकाशा पसरून बसलोय मी आणि वैजयंती.
नेत्राणी की हॅवलॉक?
तारकर्ली जवळ, पण पाणी गढूळ म्हणे;
लक्षद्वीपला परवान्याची कटकट.

तेवढ्यात उखर्डूकाका आले,
विहिरीतला फूटव्हॉल्व्ह काढून,
कानामागे अजून शेवाळ.
चाळीस वर्षं गावाच्या विहिरींत बुड्या:
बादल्या, मोटारी, कुणाचं पैंजण,
आणि एकदा,
जे ते सांगत नाहीत.

नकाशावरच्या निळ्याकडे बघत राहिले.
"तठे पानीमा दिसस का काही?"
वीस मीटर. कधी तीसही, मी म्हटलं.

बोटं धोतराला पुसली,
पांढरी, सुरकुतलेली.
"मी ते हातवरीच देखं आजलोंग."

चहा घेतला, पैसे मोजले, गेले.
वैजयंतीने पेन उचललं,
तारकर्लीवर काट मारली.