आयत्या वेळचे विषय

भांडुपला पेट्रोल पंपामागे, दुसऱ्या मजल्यावरचा गाळा.
खाली पितळी नळांना निकेल चढवतात,
वर आम्ही अकरा पतपेढ्यांचा हिशेब एका प्रणालीत ओततो.
ॲसिडचा वास दोघांना सारखाच.

घटना आहे आमची. बारा पानी, शिवलेली,
मुकादमबाईंच्या खणात, बिस्किटांच्या पुड्याखाली.
ठराव चौथा: व्याजाच्या गणिताला हात लावायचा
तर तीन पेढ्यांची संमती हवी.
सूचक, अनुमोदक, टाळ्या, वेफर्स.

संगणकाला कोणी बोलावलं नव्हतं त्या सभेला.

त्याला एवढंच ठाऊक: पहिल्या दिवशी
ज्यांनी वायर जोडली, चावी त्यांची.
म्हणजे यशोधन पाठारेची. आणि माझी.

शनिवारी रात्री यशोधनने एक ओळ बदलली,
चांगल्या मनाने, अपूर्णांकांना कंटाळून.
यंत्राने हिरवी खूण केली.
सोमवारी कांजूरच्या कोथिंबीरवालीने
पासबुक उन्हात धरून विचारलं,
"माझे साठ पैसे कुठं गेले?"

साठ पैसे.
सभा तीन तास चालली.
चोर सापडेना, कारण चोरी नव्हतीच;
कागदावर दार एकीकडे होतं,
कडी भलतीकडेच.

मग ठरलं: वृंदा, घटना यंत्रात घाल.

घालायला बसले तर आमची भाषाच आडवी आली.
'सर्वानुमते' म्हणजे किती? ते विचारतं.
'यथावकाश' म्हणजे किती दिवस?
'संबंधितांनी' म्हणजे नक्की कोणी?
तीस वर्षं या शब्दांच्या सावलीत
आमच्या सभा सुखाने पेंगल्या होत्या.

आणि कोरम नाही म्हणून सभा तहकूब,
अर्ध्या तासाने तीच सभा, त्याच जागी,
तेवढ्याच माणसांत, आता कायदेशीर:
हे त्याला समजावताना मलाच हसू आलं.
तरी लिहिलं. डाबरे वसईहून येतात,
दरवेळी पोचतीलच असं नाही,
आणि व्याज कोणासाठी थांबत नाही.

शेवटचं कलम सगळ्यात अवघड:
'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'.
यंत्राला आयती वेळ नसते.
त्यासाठी एक मागचं दार ठेवलं,
उघडलं की अकराही पेढ्यांत घंटा वाजेल असं.
यशोधन म्हणाला, "मग ते मागचं कसलं?"
मी म्हटलं, "तेच."

संध्याकाळी नियम लागू झाला. पेढे आले.
रात्री पावणेबाराला, एकटीच,
यादीवरून नजर फिरवताना दिसलं:
डाबरेंचं मी डबरे केलंय.

दुरुस्त करायला गेले.
यंत्राने अडवलं.
*एक संमती आहे, तुमची. दोन बाकी.*

राग आला आधी, खरं सांगते.
आठ वर्षं या दारातून
मी चपला न काढता आत जात होते.

मुकादमबाईंना फोन लावला.
"आता? पुन्हा साठ पैसे?"
"नाही हो. एक काना."

पलीकडे दिवा लागल्याचा, चष्मा शोधल्याचा आवाज.
"मंजूर करून टाका ना," मी म्हटलं, "एवढंसंच आहे."

"थांब," बाई म्हणाल्या,
"आधी वाचते."