कुबड

डेन हेल्डरच्या धक्क्यामागे, तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
त्यावर लाल वालुकाश्माचा एक तुकडा, मनगटाएवढा गोल,
कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला.
सत्तावीस कोटी वर्षांपूर्वी इथे वाळवंट होतं.
तुकडा तिरपा धरला की टेकड्यांचे थर दिसतात,
वारा कुठून वाहत होता तेही सांगता येतं.
आता त्या वाळवंटावर साडेतीन किलोमीटर खडक, मीठ, चिखल,
त्यावर समुद्र,
त्यावर त्यालिंगचं जहाज.

तडा पाडायचं काम त्याचं.
तो कसा जाईल हे आधी सांगायचं काम माझं.
पडद्यावर मी खडकाचे चौकोन करते,
प्रत्येकाला देते एक ताण, एक ताठरपणा,
निम्मे आकडे मोजलेले,
निम्मे शेजारच्या विहिरीकडून उसने.
समुद्राच्या पाण्यात गवारीच्या बियांचं पीठ कालवतात
(आमच्याकडे ती शेंग कुणी पाहिलेली नाही;
तिकडे म्हणे तिची भाजीही करतात)
म्हणजे पाणी लापशीसारखं दाट होतं
आणि भाजल्या मातीचे खसखशीएवढे मणी आत वाहून नेतं.
पाणी निघून गेलं की फट मिटू पाहते.
मणी तिला मिटू देत नाहीत.
वायू त्यांच्यामधून वाट काढत येतो.

माझ्या पडद्यावर फट एकशे दहा मीटर गेली,
निळी, कडेला हिरवी, माशाच्या परासारखी उघडत.
जाडी सहा मिलिमीटर.
मला ती फार सुंदर वाटली. हेही लिहून ठेवते.

आदल्या दिवशी छोटी चाचणी असते.
थोडं पाणी आत ढकलायचं, पंप बंद करायचे,
आणि दाब उतरताना नुसतं बघत बसायचं.
दाब उतरला. उतरता उतरता आलेखाला
मधेच एक लहानसं कुबड आलं.
चार मीटरच्या लाटा होत्या, जहाज हललं असेल.
मी ते कुबड घासून सपाट केलं.
त्यासाठी एक बटण आहे.

दुसऱ्या दिवशी, चौदाव्या मिनिटाला,
दाब भिंतीसारखा सरळ वर गेला.
"वीत्स्के," फोनवर त्यालिंग म्हणाला,
"कुठेतरी पाणी मुरतंय."
ओरडला नाही. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस.
मग पंप बंद झाल्याचं मला ऐकू आलं,
म्हणजे काहीच ऐकू येईना.

मण्यांनी बुजलेली नळी तो तीन दिवस धूत होता.
मी तळघरात गेले.
गाभ्याची मूळ वही, तेहतीस वर्षांपूर्वीची,
शूर्ड हुकस्ट्राचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर:
तिरकी भेग. बंद?
आमच्या संगणकातल्या प्रतीत फक्त 'बंद' आहे.
प्रश्नचिन्ह पेन्सिलीचं होतं,
तिथे धुळीच्या ठिपक्यासारखं उमटलेलं.

शूर्ड आता टेसेल बेटावर मेंढ्या पाळतो.
फोनवर मागे कोकरं ओरडत होती.
"असेल काढलं," तो म्हणाला. "तेव्हा खात्री नव्हती मला."
थोडं थांबून, "अजूनही नाही."

संध्याकाळी मी ती भेग उघडी धरली.
आलेखाला कुबड आपोआप आलं, तिथेच, तेवढंच.
निळा पर एकतीस मीटरवर थांबला.
आता माझं गणित काल घडलेल्या गोष्टीशी तंतोतंत जुळतं,
वरिष्ठांनी चांगलं म्हटलं,
पुढच्या विहिरीसाठी हाच साचा वापरायचा ठरलं.

सगळे गेल्यावर
पुढच्या विहिरीच्या एका चौकोनात
मी नुसतं प्रश्नचिन्ह टाकून पाहिलं.
चौकोन लाल झाला.
खाली ओळ आली: कृपया आकडा भरा.