बदक कुठाय?

दर गुरुवारी वेंदेल बाकाय
माझ्या औषधांच्या दुकानात येतो,
गुडघ्याचं मलम न्यायला.
रांगेतलं कुणीतरी हमखास विचारतं,
"बदक कुठाय?"
तो हसतो,
सुट्टे पैसे द्यावेत तसं.

एकोणीस वर्षांचा होता.
गोठलेल्या बालातोनवरून धावला,
काखेत जिवंत बदक,
पडद्यावर एक मिनिट वीस सेकंद.
गावाला तेवढं पुरलं
पन्नास वर्षं.

नंतर त्याने न्यायाधीश केले, दोन बिशप,
आणि पेचच्या एका थंडगार नाट्यगृहात
आंधळा घड्याळजी.
आम्ही सात जण होतो बघायला.
तो हवेतच काटे चाचपत होता
आणि मला टिकटिक ऐकू येत होती.
हे त्याला सांगायचं राहूनच गेलंय.

आज दुकान रिकामं होतं.
नाणी मोजता मोजता तोच म्हणाला,
"त्याच रात्री सगळ्यांनी मिळून कापलं ते.
रस्सा चांगला झाला होता म्हणे.
मी झोपलो तसाच.
काखेत त्याचं काळीज
थांबेचना."

मी मलम पिशवीत घातलं,
पावती द्यायची विसरले.

रस्ता ओलांडताना पाहिलं मी त्याला :
उजवा हात खिशात,
डावा मात्र बरगडीपासून वीतभर दूर,
नेहमीसारखा.

मला वाटायचं, संधिवात.