चार शब्दांचं बिल

ग्रिम्स्बीत, गोदीच्या मागच्या रस्त्याला
'ऑल्डरसन आणि मुलगी' असं दुकान आहे.
शवपेट्या, फुलं, काळी गाडी, कागदपत्रं.
ऑल्डरसन गेले तेव्हा त्यांचंही सगळं मुलीनंच केलं,
पाटी मात्र तशीच ठेवली.

मोरीन म्हणाली, एक ओळ हवी,
गाडीच्या दारावर मावेल अशी.
पलीकडच्या मोठ्या कंपनीनं लिहिलंय
'प्रत्येक निरोप, एक उत्सव'
आणि गिऱ्हाईक तिकडं वळायला लागलंय.

मी आठवडाभर ओळी पाडल्या.
'शेवटपर्यंत तुमच्यासोबत.'
ती म्हणाली, शेवट झाल्यावरच तर लोक येतात आमच्याकडे.
'मायेचा अखेरचा हात.'
तिनं स्वतःचे हात पाहिले, औषधांनी सोललेले.
'शांतता. सन्मान. विश्वास.'
हे बँकेच्या दारावरही चालेल, म्हणाली,
आणि मला चहा दिला, नको तितकं दूध घालून.

खरंच आहे. तीन भारदस्त नामं, मध्ये पूर्णविराम,
ही आमच्या धंद्यातली सोनूबाई.
हाती कथलाचा वाळा असला
की नाव घसघशीत ठेवावं लागतं.

मग मी वही मिटली, नुसती बसून राहिले.
बाहेर सीगल माशांच्या खोक्यांवर भांडत होते.
मोरीन कपाटं पुसता पुसता कुरकुरत होती:
त्यांच्याकडे सहानंतर मशीन बोलतं, एक दाबा, दोन दाबा.
आमच्याकडे रात्रीही फोन माणूस उचलतो.

काय म्हणालीस?
कुठं काय. फोनचं सांगत होते.

इंग्रजीत सहा शब्द. मनात मराठीत मोजले, तर चारच.
ना यमक, ना उपमा.
पण ओळ दारावर चढण्याआधी
ती खरी आहे का, हे एकदा बघायचं असतं.
कुणी बघत नाही, ते सोडा.

मंगळवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
नंबर लपवून मी फोन लावला.
दुसऱ्याच रिंगला झोपेनं जड झालेला आवाज:
बोला, मी ऐकतेय.

लगेच ठेवून द्यायचं ठरलं होतं.
पण मिरजेच्या इस्पितळाचा फोन आठवला,
सहा वर्षांपूर्वीचा, नुसता वाजत राहिलेला,
आणि मी विमानतळाच्या रांगेत, हातात बूट,
पुन्हा लावतेय, पुन्हा लावतेय.

मी काही बोलले नाही.
तिनंही घाई केली नाही.
थोड्या वेळानं तिच्याकडून
किटली लावल्याचा आवाज आला.

बिल पाठवलं. चार शब्दांचे पैसे लावताना
नेहमीसारखी लाज वाटली नाही.
तिनं सगळे भरले, पावतीमागे पेनानं लिहिलं:
परवा पहाटे कुणीतरी होतं, अकरा मिनिटं, बोललं नाही.
असे येतात फोन. ओळ बरोबर आहे.
फक्त अक्षरं पांढरी नकोत,
या रस्त्यावर मासळीचं पाणी उडतं.