मागं फेक

चेंडू अंड्यासारखा. टप्पा कुणाकडं वळंल, भरवसा नाही.
लाखांदूरच्या शाळेत पीटीचे सर म्हणाले,
पळायचं पुढं, फेकायचं मागं.
हिवराज हसला.
खळ्यावर पेंढ्या अशाच तर जात
एकाच्या हातून मागच्याच्या हाती.

मैदान म्हणजे धान कापलेली बांधी.
धसकटांनी पोटऱ्या सोललेल्या,
कोपरात माती, आंघोळीलाही न निघणारी.

आता करार आहे. तीन पानं इंग्रजीत,
सही मराठीत, जरा वरच्या बाजूला सरकलेली.

पहिला सामना.
सत्तर मिनिटं बाकावर, गुडघ्यावर टॉवेल.
उरलेल्या दहांतली बहुतेक स्क्रमच्या अंधारात:
कुणाचा तरी खांदा,
कुणाचा तरी गरम श्वास,
विकतच्या गवताचा वास.

रात्री व्हिडिओ कॉलवर आई.
‘टीव्हीत तं दिसलाच नाहीस.
अन् कानाले काय झालं बाबू?’
सुजलाय. असाच राहीन म्हणतात.
‘मंग लग्नात बाळी कुठं घालशीन?’
दुसऱ्यात, तो म्हणाला.
ती थोडा वेळ दुसराच कान पाहत राहिली.

एकदाच आला होता चेंडू हातात.
समोर दोन धिप्पाड माणसं,
मागून ओरडणारा आवाज ओडियात, शब्द कळला नाही.
त्यानं वळून पाहिलं नाही.
फेकला.