ळ

बाटल्या तीन. लेबलं खरडून काढलेली,
वर मार्करने नुसतं अ, ब, क.
डॉक्टर नारखेडे बाई म्हणाल्या,
काय आहे ते आम्हालाही ठाऊक नाही, काका.
जिभेखाली दोनदा, दहा मिनिटं थांबायचं,
मग तक्ता भरायचा: कोरडेपणा शून्य ते दहा,
चव, चिकटपणा,
आणि खालचं वाक्य मोठ्याने वाचायचं.

वैशाखातलं सावदा. दुपारी पत्र्यावर कावळाही टेकत नाही.
पस्तीस शेक घेतल्यापासून माझं तोंड म्हणजे
केळीचा वाळलेला पाला,
हलवला की वाजतो.

'अ' पुदिन्याचा.
पंगतीनंतरच्या पाहुण्यासारखा, आला तसा निघाला. आठ.
'ब' घट्ट, गालाला आतून खळ लावल्यासारखा.
त्याच्या भरवशावर कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला
तर घास ना पुढे ना मागे.
विमलने पाठीत धपाटा घातला, तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ळ घोटवला.
जीभ वर वळवा, टाळूला मागे टेकवा, सोडा.
केयी नाही रे, केळी.
आभाय नाही, आभाळ.
सरोद्यांचा धनराज काया, काया म्हणत राहिला,
आणि एकदाचा काळा म्हणाला
तेव्हा माझ्या हातात छडी होती.

'क'ला चव नाही, वास नाही. नुसता गार.
वाक्य वाचलं. जीभ वर गेली,
टाळूला चिकटली, तिथेच बसली,
आणि सुटली ती भलतीकडेच:
पिवयी केयी वेयेवर मियाली.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.
हे माझं बोलणं नव्हतं. माझी आई
डोक्यावरचा घड उतरवून, पाणी पिण्याआधी,
अशीच हाक मारायची.
कुणी सांगावं, या उन्हानेच
पिढ्यान् पिढ्या आमचा ळ वाळवला असेल.

विमल दारात येऊन म्हणाली,
आता कसं घरातल्यासारखं बोलले.

चव: नाही. चिकटपणा: दोन. कोरडेपणा: सहा,
खरं तर साडेसहा.
उच्चार स्पष्ट होता का?
इथे पेन थांबलंय.
सवयीने लाल शाई शोधतोय,
आणि धनराजचा नंबर.
इंजिन चालवतो म्हणे तो आता,
भुसावयला.